छबूचा डाव

मी एक जुनी दोरी आहे. जाड, सुती आणि मधोमध विरलेली. माझ्या टोकाला एक गाठ आहे, ती आता नखाने काय, दातांनी ओढली तरी सुटायची नाही. ती गाठ छबूच्या बाबांनी मारली. मित्रांनो, माझी गोष्ट सांगायची तर छबूचीच सांगावी लागते. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही झालं, ते तिच्या हातात असताना झालं.

माझा जन्म दोरखंडाच्या कारखान्यातला. पीळ पक्का बसला की नाही ते बघायला तिथली एक दांडगी बाई मला पायाखाली धरून ओढायची आणि म्हणायची, "ही टिकेल." टिकले, तिच्या तोंडात साखर पडो. मग मी एका ट्रकवर गेले. ताडपत्री बांधायची, ऊन खायचं, धूळ खायची. कौतुक कसलं आलंय! दोरी तुटली तर शिव्या, नाही तुटली तर कुणी ढुंकून बघत नाही. तो ट्रक छबूचे बाबा चालवायचे.

छबू त्यांची एकुलती एक लेक. तिला जन्मापासून डाउन सिंड्रोम होता. डॉक्टरांनी आईबाबांना समोर बसवून समजावलं होतं, की ही पोर शिकेल, पण सावकाश शिकेल. अंग जरा ढिलं राहील, बोलणं उशिरा येईल. आलं उशिराच, पण एकदा आलं ते थांबायचं नाव घेईना. शाळा मात्र मिळेना. जिथे जावं तिथे "आमच्याकडे सोय नाही हो," असं गोड बोलून वाटेला लावायचे. शेवटी एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, "बसू दे माझ्या वर्गात. बघू या काय होतंय ते." त्या दिवशी ट्रकमध्ये बसून बाबा ढसाढसा रडले. मी वर ताडपत्रीला बांधलेली होते, मला सगळं ऐकू आलं.

वर्गात जागा मिळाली, पण खेळात मिळाली नाही. मधल्या सुट्टीत छबू भिंतीला टेकून उभी राहायची. तिला कुणी मारत नव्हतं, चिडवत नव्हतं. फक्त बोलावत नव्हतं. बाबांनी एकदा फाटकातून ते पाहिलं आणि त्यांचा जीव तुटला. त्याच संध्याकाळी त्यांनी मला ट्रकवरून सोडलं, हवी तेवढी कापली आणि टोकाला पक्की गाठ मारली.

"घे," ते छबूला म्हणाले. "उद्या शाळेत ने. दोरीच तुझी म्हटल्यावर तुला वगळतंय कोण?"

माणसाने डोकं चांगलं लढवलं होतं. पण लेकीच्या हातात आपण काय देतोय हे त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरींचा हा घोळका जमला माझ्याभोवती. त्यांत एक लांब वेणीची होती, तिला सगळे शेपटी म्हणत. ती पुढारी. ती म्हणाली, "छबू, दोरी तुझी ना? मग पहिलं राज्य तुझं." म्हणजे एक टोक छबूने धरायचं, एक दुसरीने, आणि बाकीच्यांनी मधे उड्या मारायच्या. जिचा पाय अडकेल तिने येऊन टोक धरायचं आणि धरणारीने उड्या मारायला जायचं. नियम साधा होता. पण प्रत्येक वेळी सुटका व्हायची ती समोरच्या टोकाची. छबूवरचं राज्य काही उतरलं नाही.

"आता माझा डाव?" छबू विचारायची.

"आज नाही गं, घंटा होईल. उद्या."

छबूला ते पटायचं. घरी जाऊन ती आईला सांगायची, "उद्या माझा डाव आहे." रोज सांगायची. आई हो म्हणायची आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

मित्रांनो, एक मात्र खरं. छबूच्या हातात फिरले तशी मी कुणाच्याच हातात फिरले नाही. लहान पोर मधे आली की ती मला जमिनीलगत, हळू फिरवायची. शेपटी आली की उंच आणि झपझप. कुणाचा पाय कधी उचलतो ते तिला पाठ झालं होतं. सगळ्या म्हणायच्या, छबूने धरली तरच आम्ही खेळणार. मोठ्या बाई पाहुण्यांना हात धरून मैदानावर आणायच्या. "बघा, आमची छबू कशी सगळ्यांत मिसळून गेली आहे!" पाहुणे फोटो काढायचे. छबू हसायची आणि टोक घट्ट धरायची. मला त्या कौतुकाचा मनापासून राग यायचा, पण दोरीला विचारतं कोण?

घरी वेगळंच चाललं होतं. रोज संध्याकाळी आईबाबा मला दोन बाजूंनी धरायचे आणि छबू मधे उभी राहायची. तिचे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटत नसत. एक उठायचा, दुसरा खालीच. डॉक्टरांनी मान तपासली, गुडघे तपासले आणि म्हणाले, "मारू दे उड्या, काही हरकत नाही." कित्येक महिने ती माझ्यावर पाय देत होती. मी अडकायचे, ती पडायची, चड्डी झटकून उठायची. आणि एका संध्याकाळी दोन्ही पाय उठले. मी तिच्या पायांखालून सर्रकन गेले. पुन्हा गेले. पुन्हा गेले. आई टोक टाकून मटकन खाली बसली आणि तोंडावर हात घेऊन रडू लागली. बाबा म्हणाले, "अगं, धर टोक, पोरीचा डाव चालू आहे."

चौथीचा शेवटचा दिवस आला. पुढची शाळा वेगळी असणार होती. छबूने बाबांना बजावून ठेवलं होतं, की आज बघायला यायचं. बाबा ट्रक बाजूला लावून फाटकापाशी आले.

"आज माझा डाव," छबू म्हणाली.

शेपटीने तिच्याकडे पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, पण तिने पुढे होऊन छबूच्या हातातलं टोक आपल्या हातात घेतलं. "जा," ती म्हणाली. छबू मधे जाऊन उभी राहिली. बूट नीट केले. बाबांकडे बघून हात हलवला. मी जमिनीवर पडून वाट बघत होते. इतकी ताठ मी ट्रकवरसुद्धा झाले नव्हते.

तेवढ्यात बाई धावत आल्या. "अगं, पोरींनो, पडेल ती! छबू, बाळा, नको. लागेल तुला. तू दोरी किती सुरेख फिरवतेस, तूच फिरव बघू." आणि त्यांनी मायेने, डोक्यावरून हात फिरवत, टोक परत छबूच्या मुठीत दिलं.

बाबांनी फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. येतं तिला, घरी शिकली आहे, एवढंच. पण याच बाईंनी, कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा, त्यांच्या पोरीला वर्गात घेतलं होतं. त्या उपकाराखाली बाबांची जीभ उचलली नाही. छबू दोरी फिरवू लागली. घंटा झाली.

परत जाताना बाबा म्हणाले, "छान फिरवलीस."

"उद्या माझा डाव आहे," छबू म्हणाली.

पुढच्या शाळेने तिला घेतलं नाही.

मग मला अंगणात कपडे वाळत घालायला बांधलं. वर्षं गेली. आई गेली. बाबांचे हात कापायला लागले. छबू आता एका लॉन्ड्रीत घड्या घालते आणि घरी येऊन माझ्यावरचे कपडे काढते. मधल्या काळात शेपटी मोठ्या शहरात गेली. परवा ती भेटायला आली, सोबत तिची छोटी लेक. मला बघून शेपटी हरखली. "अय्या, हीच ना ती दोरी?" तिने मला सोडलं आणि एक टोक छबूला दिलं. ते तिने विचारून दिलं नाही. हात आपोआपच तिकडे गेला.

छोटीने खूप उड्या मारल्या. मग तिचा पाय अडकला. ती सरळ छबूपाशी गेली आणि हात पुढे करून म्हणाली, "मावशी, मी अडकले. आता तुझा डाव."

शेपटीचा चेहरा खर्रकन उतरला. छबू त्या छोट्या हाताकडे बघत राहिली. मग हसून म्हणाली, "उद्या."

रात्रीच्या गाडीने त्या दोघी निघून गेल्या. सकाळी छबू बूट घालून पायरीवर बसली होती, मी तिच्या मांडीवर. बाबांनी तिला पाहिलं. त्यांनी माझं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं आपल्या कापऱ्या हातात घेतलं. "ये, छबू. तुझा डाव."

मी वेडीवाकडी फिरत होते. छबू मधे आली नाही. ती बाबांजवळ गेली आणि त्यांच्या हातातून टोक सोडवून घेतलं. "दमशील तू, बाबा," ती म्हणाली. "मी फिरवते. मला छान येतं." आणि ती फिरवू लागली. हळू, एकसारखी, जमिनीलगत, जशी लहान पोरींसाठी फिरवायची तशी. मधे कुणीच नव्हतं. बाबा भिंतीला टेकून उभे होते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. सुताची जात माझी, आज ना उद्या तुटेनच. पण खेळताना एकदा मान वळवून बघा, टोक कुणाच्या हातात आहे आणि कधीपासून आहे. ते तिच्या हातातून घ्या आणि तिला मधे जाऊ द्या. पडली तर पडू दे, चड्डी झटकून उठेल ती. पण तिला उद्या म्हणू नका. ती खरं मानते.