फक्त आपली चूक

मुलांनो, डोळे मिटा बरं. अरे, दोन्ही मिटलेत तर वाचणार कसं? एकच मिटा. आता मनात एक लांबट खोली आणा. इथे पुस्तकं बांधतात. मधोमध मोठं टेबल, त्यावर दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे, पुठ्ठे, दोरा, दाभण आणि खळीचं भांडं. खळीचा आंबूस वास आला का? मग पोचलात तुम्ही.

टेबलाच्या एका टोकाला आजोबा बसलेत. ते पुठ्ठे चढवतात. दुसऱ्या टोकाला त्यांची धाकटी बहीण पानं शिवते. तिला घरात सगळे धाकटी आजी म्हणतात. आणि मधे स्टुलावर आजोबांची नऊ वर्षांची नात. नाकाच्या शेंड्यावर तीळ, म्हणून तिचं नाव पडलं ठिपकी. आईबाबा कामावर, त्यामुळे शाळा सुटली की ठिपकी इथेच. गणितं आजोबा तपासणार, वेणी धाकटी आजी घालणार.

दर गुरुवारी संध्याकाळी टेबल भिंतीला सरकवून सतरंजी पसरायची. बेकरीवाले काका यायचे, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई यायच्या, आणखी चारपाच जण यायचे. देव कुठे असतो, माणसाने चांगलं कसं व्हावं, याचा शोध घेणारी ही मंडळी. आधी अर्धा तास शांत बसायचं. मग धाकटी आजी मोठ्याने काहीतरी वाचायची. शेवटी प्रत्येकाने आठवड्यातली एक चूक सांगायची, पण फक्त आपली. ऐकणाऱ्यांनी त्यावर चकार शब्द काढायचा नाही. ठिपकीलाही एक पाळी मिळायची.

बिनसलं ते वाचनावरून. एका गुरुवारी आजोबा म्हणाले, "वाचन बंद करू या. शब्दांनी मन भरतं, शांत होत नाही."

"शब्द नकोत तर पुस्तकं कशाला बांधतोस, दादा?" धाकटी आजी म्हणाली. "फुलं वीक की."

सगळे हसले. आजोबा तेवढे हसले नाहीत.

मग काय झालं असेल? ओरडाआरडा? छे! ती साधी माणसं थोडीच होती, ती चांगलं होऊ पाहणारी माणसं होती. दुसऱ्या दिवशी आजोबा अगदी गोड आवाजात म्हणाले, "मी तुला माफ केलंय."

"मला माफ करणारा तू कोण?" धाकटी आजी त्याहून गोड आवाजात म्हणाली. "मीच तुला कालच माफ करून टाकलंय."

आजोबांचे कान लाल झाले. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. शिवलेले गठ्ठे ठिपकीच्या हातून इकडून तिकडे जायचे.

वाचन चालूच राहिलं, पण गुरुवारच्या चुका बदलल्या. आजोबा हात जोडून सांगायचे, "माझी चूक अशी की काही जणांना स्वतःचा आवाज फार आवडतो, आणि मी ते निमूट सहन करतो." धाकटी आजी सांगायची, "माझी चूक अशी की कुणी डोळे मिटून नुसतं बसलं, तर मी त्याला पोचलेला समजत आले." नियमाप्रमाणे कुणी काही बोलायचं नाही. बेकरीवाले काका सतरंजीचे दोरे उपसत बसायचे.

मग एका दुपारी धाकट्या आजीने सांगून टाकलं, की रविवारी ती लेकीकडे जाणार, दुसऱ्या गावी. कायमची. "इथे माझ्यामुळे कुणाची शांतता मोडायला नको," असं ती म्हणाली, आणि म्हणाली ठिपकीकडे बघून. ठिपकीची वेणी तेव्हा अर्धी झाली होती.

जाण्याआधीचा शेवटचा गुरुवार आला. त्या दिवशी ठिपकीने आपली पाळी सगळ्यांत आधी मागून घेतली. उभी राहिली आणि फ्रॉकचं टोक मुठीत धरून म्हणाली, "मी खोटं बोलते. आजोबा विचारतात, माझंच बरोबर ना? मी हो म्हणते. धाकटी आजी विचारते, मग तिलाही हो म्हणते. मला वाटलं, दोघं खूश झाले की भांडण थांबेल. उलट ते वाढलं. आता धाकटी आजी चाललीय. ही माझी चूक."

खोलीत शांतता झाली. आणि ती पहिली कुणी मोडली? आजोबांनीच.

"बघितलंस?" ते बहिणीवर उसळले. "लेकराला खोटं बोलायला लावलंस!"

"दादा, फक्त आपली," पोस्टातल्या बाई हळूच म्हणाल्या.

बेकरीवाल्या काकांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, तरी खांदे गदगदत होते. आजोबांनी रागाने त्यांच्याकडे पाहिलं, मग ठिपकीकडे. तिच्या मुठीत फ्रॉक चुरगळला होता. ते पाहून त्यांना शब्द सापडेना. शब्द नकोत म्हणणारा माणूस तो!

"दीड महिना झाला," ते अखेर म्हणाले, "डोळे मिटून बसलो की मी हिच्याशीच भांडतो. रोज मीच जिंकतो. शांत असा एक क्षणही नाही बसलो. आणि ठिपकीला विचारत राहिलो, माझंच बरोबर ना. ही माझी चूक."

या वेळी त्यात 'काही जण' नव्हते.

धाकटी आजी मान खाली घालून सतरंजीवरून बोटं फिरवत होती. "मी वाचायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा ओळी शोधून काढायचे. दादाला झोंबतील अशा. चांगली ओळ दिसली आणि ती झोंबणारी नसली, तर पान उलटायचे." मग म्हणाली, "पण वाचन हवं असं मला अजून वाटतं."

"मला अजूनही नको वाटतं," आजोबा म्हणाले.

"बरं."

"बरं."

इतकंच. पण ते "बरं" गोड आवाजातलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

"आणि रविवारचं?" बेकरीवाल्या काकांनी विचारलं.

धाकट्या आजीने भावाकडे पाहिलं. आजोबा म्हणाले, "पानं मला शिवता येत नाहीत." मग खाकरून म्हणाले, "ते कारण नाही. तू नसलीस तर मला करमणार नाही."

"लेक वाट बघतेय, जावं तर लागेल," ती म्हणाली. "पंधरा दिवस राहून येते."

ठिपकीने तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग ती आतल्या राहत्या खोलीत गेली, धाकट्या आजीची भरलेली बॅग उघडली, आणि पंधरा दिवसांना लागणार नाहीत ते सगळे कपडे एकेक करून परत कपाटात ठेवायला लागली.