डाव्या चाकातली चकती

सुखदा बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. रहाटणीहून राजगुरुनगरच्या शाळेत जायचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागत, आणि दहावीला गणिताचा पहिला तास तिचाच. धाकटा दीर दिग्विजय नवी गाडी घेत होता, म्हणून त्याची जुनी तिनं घेतली. गाडी दिसायला झोकदार. रुंद अलॉय चाकं, मडगार्डच्या बाहेर बोटभर आलेली. शाळेतली पोरं वळून बघत.

महिन्याभरात साठच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागलं. नवरा प्रभाकर म्हणाला, "तू फार घट्ट धरतेस." दिग्विजय हसला. "वहिनी, मी तीन वर्षं चालवली. रस्ताच तसा आहे आपला."

सुखदानं हात सैल सोडून पाहिले. थरथर तशीच. गुळगुळीत रस्त्यावरही होती, आणि उजवीकडे वळताना जास्त. हे तिनं दोनदा घरी सांगितलं. दोन्ही वेळा विषय दुसरीकडे गेला.

शनिवारी शाळा सकाळची होती. परतताना चाकण मागे पडलं आणि डाव्या बाजूनं टक-टक आवाज येऊ लागला. तिनं वेग कमी केला, हळूहळू निघोज्याच्या रस्त्याला वळली आणि पहिलं टायरचं दुकान दिसलं तिथं थांबली.

दुकान मंजुळाबाईंचं होतं. पन्नाशीच्या, कासोट्याच्या नऊवारीवर पुरुषी शर्ट घातलेल्या. त्यांनी पुढच्या डाव्या चाकाला हात लावून हलवलं. चाक हललं.

"ताई, कुठून आलात ह्या चाकावर?"

"राजगुरुनगरहून."

मंजुळाबाई गाडीखाली वाकल्या. त्यांनी जॅक लावला. चारपैकी एक नट पान्यासोबतच खाली आला, आत तुटलेल्या बोल्टचा तुकडा घेऊन. बाकीचे तीन हातानं फिरत होते. चाक उतरवून त्यांनी उलटं केलं. मागे ॲल्युमिनियमची अंगठ्याएवढी जाड चकती चिकटलेली होती.

"ह्यो स्पेसर. चाक भायेर दिसावं म्हणून पोरं लावत्यात. लावला तर बोल्ट बी लांब घालायचा असतोय. हितं जुनेच ठिवल्यात. नट नुसता टोकावर अडकलाय."

सुखदा बाकावर बसली. गुरुवारी तिनं याच गाडीतून सहकारी बाईंच्या दोन मुलींना घरी सोडलं होतं.

मग तिनं दिग्विजयला फोन लावला. तो चाकणलाच कंपनीत होता, पहिली शिफ्ट संपत आलेली. तिनं आवाज चढवला नाही. "भाऊजी, पुढच्या डाव्या चाकाचा बोल्ट तुटलाय. इथल्या टायरवाल्या मंजुळाबाई सांगतील ते बोल्ट घेऊन निघोज्याला या." आणि फोन मंजुळाबाईंकडे दिला.

तो येईपर्यंत मंजुळाबाईंनी बाकी तीन चाकं उतरवली. दोन स्पेसर गंज सोडवायचं तेल मारून, लाकडी मोगरीनं ठोकल्यावर सुटले. तिसऱ्यानं थोडा त्रास दिला. डाव्या चाकातला मात्र जागचा हलेना. त्याची गोल कड चाकाच्या मधल्या भोकात बसली होती, आणि दोन्हींच्या मध्ये गंजाची पांढरी भुकटी धरून ते जणू एकच झालं होतं.

दिग्विजय आला. चेहरा उतरलेला. तुटका बोल्ट त्यानं हातात घेऊन पाहिला, खिशात घातला, परत काढून बाकावर ठेवला. मग कुणी काही म्हणायच्या आत मोठा हातोडा उचलून चकतीच्या कडेवर दणका घातला.

"ओ भाऊ, ठिवा त्यो!" मंजुळाबाईंनी हातोडा काढूनच घेतला. "चाकाला तडा गेला म्हंजी? जरा दमानं."

"गॅसनं तापवूया का?"

"न्हाई. एका जागी जादा तापलं तर चाक नरम पडतंय."

त्यांनी शेजारच्या चहावाल्याला मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला सांगितलं आणि रसवंतीतून बर्फाची लादी आणली. दिग्विजयनं चकतीच्या मधल्या पोकळीत बर्फ ठासून भरला. मंजुळाबाईंनी भोवतीच्या चाकावर उकळतं पाणी ओतलं, बर्फावर थेंब न उडवता. तीनदा असं केलं. चाक तापून फुगायचं, चकती थंडीनं आकसायची. मग चाक दोन ओंडक्यांवर सुलटं ठेवून त्यांनी वरच्या भोकातून सागाचा दांडका चकतीच्या कडेला टेकवला आणि फिरवत फिरवत ठोकायला लागल्या. इकडे एक, तिकडे एक. दहा मिनिटं काहीच नाही. परत पाणी, परत बर्फ.

दुसऱ्यांदा ठोकताना कट् असा आवाज झाला आणि चकती खाली मातीत पडली.

मंजुळाबाईंनी डाव्या चाकामागच्या हबमधले जुने बोल्ट काढून नवे बसवले, चाकाची मागची बाजू तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ केली. चाक चढवताना सुखदा उठून जवळ आली. "मावशी, थांबा. भाऊजी, नट तुम्ही लावा. आणि आटे मोजा."

दिग्विजयनं नट फिरवला. "नऊ... दहा... अकरा."

"आता उजव्या चाकाचा जुना बोल्ट बघा. स्पेसर मध्ये धरून."

त्यानं चकती बोल्टांवर सरकवली, चाक टेकवलं, नट लावला. तीन फेऱ्यांत अडकला. सोडून परत लावला. तीनच.

त्यानं नट सोडून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, नव्या गाडीलाही लावलेत. मागच्याच रविवारी."

"ती गाडी कुठंय?"

"स्वरूपाकडं. आज माहेरी जाणार होती, जुन्नरला."

स्वरूपा म्हणजे त्याची बायको. त्यानं फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. "अगं कुठंयस? ... नाही, नाही, तिथंच थांब. पंपाच्या आत गाडी घे आणि खाली उतर. मी आलो. का ते नंतर सांगतो." फोन ठेवल्यावरही त्याचा हात कानापाशीच होता. ती मोशीच्या पेट्रोल पंपावर होती.

मंजुळाबाईंनी चारही चाकं स्पेसरशिवाय आवळून दिली, जॅक आणि पाना पोत्यात घातला आणि स्वतःच मागच्या सीटवर बसल्या. दिग्विजय चालकाच्या बाजूला गेला, थबकला, आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला.

मोशीपर्यंत सुखदानं गाडी साठवर नेली, मग सत्तरवर. स्टिअरिंग स्थिर होतं.

नव्या गाडीतले स्पेसर आठवड्याचेच होते. पंपाच्या कोपऱ्यात चाकं उतरवताच ते हातात आले, आणि मंजुळाबाईंनी चाकं त्यांच्याशिवाय परत आवळली. स्वरूपा पदर तोंडाशी धरून बघत होती. दिग्विजयनं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. मग प्रभाकरला फोन केला.

"दादा, वहिनी सांगत होत्या ते खरं होतं. चूक माझी होती. आणि आपण दोघांनीही ऐकलं नाही."

पलीकडून प्रभाकर काय म्हणाला ते सुखदाला ऐकू आलं नाही. ती मंजुळाबाईंना निघोज्याला परत सोडायला निघाली होती.