साडूचा गुडघा

माझा साडू दातांचा डॉक्टर आहे. "अजिबात दुखणार नाही," असं तो दिवसातून तीसेक वेळा म्हणतो आणि लोक त्याच्यापुढे तोंड उघडून बसतात. मीही बसलो.

आम्ही दोघांनी पहिलीवहिली मॅरेथॉन पळायचं ठरवलं, तेव्हा ट्रेनिंग प्लॅन शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी विमा कंपनीत दावे तपासतो. बारीक टाइपातलं वाचायची सवय. ऑफिसच्या प्रिंटरवर चार प्लॅन छापून मी जेवणाच्या टेबलावर मांडले. मला सोळा आठवड्यांचा आवडला होता. आठवड्याला चार दिवस पळणं, त्यातला एक वेगाचा. नवख्याला जरा जड, पण साडेचार तासांत शर्यत संपेल असं त्यात लिहिलं होतं.

साडूने अठरा आठवड्यांचा उचलला. आठवड्याला तीनच दिवस. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला.

"साडूभाऊ, माझा गुडघा," तो म्हणाला. "तुझ्या प्लॅनने मी सहाव्या आठवड्यात घरी बसेन. मग तू जाशील एकटा."

"एकटा कशाला? सोबत सुरू, सोबत शेवट. ठरलंय ना?"

"मग हाच."

माझे साडेचार तास मी त्याच्या गुडघ्याला वाहिले. दर रविवारी आम्ही बरोबर पळायचो. तो धापासुद्धा टाकायचा. चौदाव्या आठवड्यात परगावी त्याची दातांची परिषद निघाली. त्या रविवारी चालायच्या मिनिटाला मी सवयीने दोनदा शेजारी बोललो.

शर्यतीच्या आदल्या दुपारी छातीवर लावायचे नंबर आणायला चौघं गेलो: आम्ही दोघं, बायको, मेहुणी. माझ्या नंबरावर एफ गट होता, साडूच्या नंबरावर बी. बी गट वेगवानांचा, चाळीस मिनिटं आधी सुटणार.

"कम्प्युटरचा घोळ असणार," मी म्हणालो.

"घोळ नाही, काका," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "सरांनी अर्ध्या मॅरेथॉनचं सर्टिफिकेट जोडलंय. गेल्याच महिन्यातलं."

साडू छताकडे बघू लागला.

"अहो, भाऊजींना अजून सांगितलं नाहीत?" मेहुणी त्याच्यावर डाफरली.

मी बायकोकडे पाहिलं. "मला वाटलं, तेच सांगतील," ती म्हणाली.

"परिषद?" मी साडूला विचारलं.

"होती की. संध्याकाळी."

"आणि गुडघा?"

"पहिले दोन आठवडे गुडघा काही बोलेना. मग तुझा सोळावाला घेतला. मस्त आहे रे तो! आणि रविवारी तुझ्याबरोबर यायचोच ना? त्यात एक दिवस सावकाश पळायचा असतो."

मुलीला माझी दया आली असावी. "सर, मागच्या गटात जायचं असेल तर स्टिकर बदलून देते. पण आत्ताच. उद्या नाही मिळणार."

आम्ही सगळे साडूकडे बघत राहिलो. त्याने त्या बीवरून अंगठा फिरवला.

"मागे रांग वाढलीय," तो म्हणाला. "राहू दे. शेवटाला भेटूच, साडूभाऊ. मी थांबतो तुझ्यासाठी. कितीही वेळ लागू दे."

मी मुलीकडे वळलो. "शर्यत संपल्यावर बाहेर पडायला दुसरं गेट आहे का?"

"आहे ना काका, डावीकडे."

मी तिच्याकडून पेन घेतलं आणि नंबरासोबत मिळालेल्या नकाशावर त्या गेटाभोवती गोल केला.