बांधलंय

मुखेडजवळच्या त्या गावात ‘बांधलंय’ म्हटलं की पुढचं काही विचारायचं नसतं. पोर झोपेत दचकलं, बाळंतिणीला ताप भरला, म्हैस दूध देईना. काळा गंडा बांधला की संपलं. कशासाठी बांधला, ते एकवीस दिवस तोंडातून काढायचं नाही. काढलं तर गंडा वाया जातो आणि दुखणं दुपटीनं परत येतं.

वर्षाराणी लातूरला बी.एस्सी. झालेली. पण विचारलं तिनंही नाही. शिक्षकभरतीच्या परीक्षेसाठी ती दोन दिवस माहेरी लातूरला गेली आणि परत आली, तर चार वर्षांच्या साक्षीच्या दंडाला गंडा.

“काय झालतं हो, आत्या?”

“काय न्हाई. बांधलंय,” सासूनं, सिंधुबाईंनी, भाकरी थापता थापता सांगितलं. मान काही वर केली नाही.

दृष्टबिष्ट असेल, असं समजून वर्षाराणी गप्प बसली. एरवी पोरगी शिंकली तरी थर्मामीटर काढणारी ती. पण धाग्यावरून घरात भांडण कोण काढतं?

सोळाव्या दिवशी सकाळी नळावर शेजारची महादेवी भेटली. घागर लावता लावता म्हणाली, “वस्तीवरचं पोरगं नांदेडला नेलं की ग! पाणी दावलं की किंचाळून राहिलंय म्हणं. तेच पिवळं कुत्रं. तुमच्या साक्षीला टायमाला बांधलं, लई बरं झालं बाई.” आणि लगेच जीभ चावली. “म्या काय बोलले न्हाई हं!”

वर्षाराणीची घागर नळाखाली वाहत राहिली.

“आत्या, साक्षीला कुत्रं चावलंय?”

सिंधुबाईंनी दोन्ही कान झाकले. “नाव घेऊ नको! पाचच दिस ऱ्हायलेत.”

“कुठं चावलंय, तेवढं तरी सांगा.”

“गंडा बांधला त्या भागवतबुवानं निक्षून सांगितलंय. सुई लावायची न्हाई, वेस वलांडायची न्हाई, नाव घ्यायचं न्हाई. माझा दीर असाच वाचला. माझा जीव न्हाई का ग तिच्यावर? लई शिकलीस म्हून तुलाच तेवढी माया?”

म्हातारीचे डोळे भरून आले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि वर्षाराणीला भीती वाटली ती त्याचीच. तिनं साक्षीला कडेवर घेतलं आणि चपला न घालताच फाटा गाठला. रिक्षातून उदगीरला नवऱ्याला फोन लावला. डाळमिलच्या खडखडाटातून दयानंद म्हणाला, “आईला विचारलंस का?” तिनं फोन ठेवला.

रिक्षातच तिनं पोरीचे हात, पाय, पाठ, पोट सगळं तपासलं. गुडघ्यावरच्या जुन्या खरचटण्याशिवाय काही नव्हतं.

“सोळा दिवस?” मुखेडच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला. “लक्षणं नाहीत ना अजून? मग लस आत्ताच देऊ. पण सीरम जिथं चावलं तिथंच द्यावं लागतं. जागा कोणती?”

“साक्षी, कुठं चावलं ग?”

पोरीनं ओठ घट्ट मिटले. बिस्कीट दाखवलं, मान हलली. दटावलं, तरी मान हलली. शेवटी वर्षाराणीचा हात उठला. फाडकन बसली गालावर. साक्षी मुसमुसली, पण बोलली नाही.

“सांग ना ग बाई, सांग!”

“सांगितलं तर तू मरतीस,” साक्षी म्हणाली. “आजी म्हणली.”

नर्सनं हातातला कापूस खाली ठेवला. वर्षाराणी तिथंच फरशीवर बसली. सोळा दिवस ही पोर तोंड मिटून आईला जगवत होती.

“मी नाही मरत, राणी. हे बघ, बसलेय ना तुझ्यापुढं.”

साक्षीनं बराच वेळ तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग आजीनं घट्ट घातलेली वेणी स्वतःच बाजूला सारली. सोळा दिवस ती वेणी आजीच घालत होती. उजव्या कानामागं, केसांच्या आत, दोन गुलाबी खड्डे.

डॉक्टर लिहायचा थांबला. “डोक्याला आहे, मेंदूच्या जवळ,” तो हळूच म्हणाला. “लस देतो. सीरम इथं नाही, नांदेडला जावं लागेल. आत्ता. गाडी बोलावतो.”

“वाचेल ना?”

“उशीर झालाय, ताई. पण लक्षणं नाहीत तोवर प्रयत्न करायचाच. याहून जास्त काही मी आज सांगू शकत नाही.”

सुई टोचताना साक्षी रडली नाही. आईकडं टक लावून बघत राहिली.

गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली. भर दुपारचं ऊन काचेतून मांडीवर पडत होतं. साक्षी आईच्या मांडीवर आडवी, पण डोळे मिटेना. मधूनच हात वर करायची आणि बोटं आईच्या नाकाखाली धरायची. बोटांना श्वास लागला की हात खाली. दोन मिनिटांनी पुन्हा वर.

“झोप ग आता.”

“तू झोपू नको,” साक्षी म्हणाली. “मी बघून राहिले.”