भिंतीचा डावा खांदा

मित्रांनो, मी एक जुना हेडलाइट आहे. शिंप्याच्या दुकानासमोर जी निळी मोटार उभी असते, तिच्या उजव्या अंगाला मी बसलेलो आहे. डाव्या अंगाला माझा जुळा भाऊ आहे. आम्ही दोघे एकाच साच्यातून जन्मास आलो, परंतु आजतागायत आम्ही एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. दोघांचीही नजर सदैव समोर. भिंतीवर आमचा उजेड एकत्र पडतो, तेवढीच काय ती आमची गळाभेट.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आत चकचकीत वाटी, वाटीच्या मध्यभागी बल्ब आणि तोंडावर पारदर्शक झाकण. लोक त्या झाकणास काच म्हणतात. वास्तविक ते एक प्रकारचे प्लॅस्टिक असते आणि माझ्या पुढील दुःखाचे मूळही तेच होय. पण तेव्हा मला दुःख कोठले ठाऊक? मी नवा होतो, आणि नव्या वस्तूस आपण कधी जुने होऊ असे स्वप्नातही वाटत नसते.

आमची मोटार एका परिचारिकेने घेतली. ज्या रुग्णांस अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करणे, इंजेक्शन देणे, हे त्यांचे काम. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांचे यजमान म्हणजे शिंपीकाम करणारे मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत मास्तरांचे यंत्र चाले आणि खिडकीतून त्यांना आमची मोटार दिसे. रोज सकाळी ते कापडाच्या चिंध्यांतून मऊसा तुकडा निवडून आम्हास पुसत. एकदा तर त्यांनी कोटाच्या अस्तराचे रेशमी कापड माझ्यासाठी वापरले. ताई दारातून म्हणाल्या, की माझ्या ब्लाऊजला म्हणे अस्तर उरलं नव्हतं. मास्तरांनी मग माझ्या भावास साध्या सुती तुकड्यावरच भागवले.

त्या काळी आमचे फार कौतुक होई. टेकडीवरच्या वस्तीत दिवे नसले, तरी वळणावर आमचा उजेड दिसताच लोक दारे उघडत. दूधवाल्याची म्हातारी आई पायाच्या जखमेमुळे खाटेवर पडून होती. तिचे इंजेक्शन संध्याकाळचे असे. खिडकीवर आमचा प्रकाश पडला, की ती आपली पावलाकडची चादर स्वतःच बाजूस करून ठेवी.

परंतु मित्रांनो, ऊन कोणालाही सोडत नाही. वर्षानुवर्षे उघड्यावर उभे राहून आमचे झाकण पिवळे पडले, नंतर धुरकट झाले. मास्तरांचे काम वाढले होते आणि सकाळचे पुसणेही मागे पडले. मी रागावलो नाही. मनुष्य कामात असला म्हणजे त्याचे असेच होते. पण आमचा उजेड आता रस्त्यावर पडण्याऐवजी आमच्याच तोंडात घुटमळू लागला.

ताईंना संध्याकाळी रस्त्याची कड दिसेनाशी झाली. त्यांना वाटले, आपलीच नजर अधू झाली. त्या नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आल्या. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि सांगितले, की तुमचा चष्मा बरोबर आहे, डोळे ठणठणीत आहेत, मोटारीचे तपासून घ्या. घरी येऊन ताई आमच्यासमोर वाकल्या आणि नखाने माझे झाकण खरवडून म्हणाल्या, "अहो, यांना मोतीबिंदू झालाय."

मास्तरांनी प्रथम दात घासण्याची पेस्ट लावून आम्हास घासले. चार दिवस आमच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता, उजेडात मात्र काडीचा फरक पडला नाही.

याच सुमारास परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा फोनवर तगादा सुरू झाला. आईने अंधार पडल्यावर गाडी चालवू नये, गाडी विकून टाकावी, असे तिचे म्हणणे. मुलगी वाईट नव्हती. तिला आईची काळजी होती. परंतु गाडी गेली, तर संध्याकाळची फेरी जाणार आणि टेकडीवर त्या वेळेस दुसरे कोणी येत नसे. ताईंनी फोन ठेवला. मास्तरांनी यंत्राचे पायडल थांबवले आणि ते म्हणाले, "फेरी बंद होणार नाही. मी बघतो काय करायचं ते."

त्यांनी ज्या मित्राचा सल्ला घेतला, तो गल्लीतला वायरमन. विजेचे झटके खाऊन खाऊन त्याला शॉकभाऊ हे नाव पडले होते. शॉकभाऊने सांगितले, की नुसते झाकण घासून भागणार नाही. आतले बुबुळच बदलायला हवे. महागड्या मोटारींत प्रोजेक्टर नावाचे गोल भिंग असते, आणि त्यामागे असा बल्ब, की ज्यात तार नसून दोन टोकांच्या मधोमध ठिणगी पेटून राहते. भिंगामागे एक छोटा पत्रा असतो. तो वरचा उजेड कापतो, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. मास्तरांस ही कापण्याची गोष्ट तत्काळ पटली.

भंगारवाल्याकडे परदेशातून आलेली एक आलिशान मोटार मोडून पडली होती. तिचे दोन्ही प्रोजेक्टर घेऊन मास्तर एखाद्या बाळास आणावे तसे छातीशी धरून घरी आले.

आता माझ्या आयुष्यातील सर्वांत विलक्षण प्रसंग सांगतो. आमचे झाकण पक्क्या डिंकाने चिकटवलेले असते. ते उघडण्यासाठी डिंक ऊन करून मऊ करावा लागतो, आणि घरात तेवढी ऊब देणारी वस्तू एकच होती. ती म्हणजे ताईंचा केक भाजण्याचा ओव्हन. ताई जवळपासच्या दुपारच्या फेरीवर पायीच गेल्या असताना मला मोटारीतून काढून त्यात ठेवण्यात आले. शॉकभाऊ स्टुलावर बसून काचेतून माझ्याकडे पाहत होता. मंद आचेवर माझे अंग सैल होत असतानाच ताई परत आल्या. त्यांनी नाक वर केले, त्या ओव्हनच्या काचेतून डोकावल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, "आज जेवायला हेडलाइट आहे वाटतं. सोबत काय, टायर?"

शॉकभाऊ म्हणाला, "वहिनी, अजून थोडा कच्चा आहे."

ताईंनी पर्स ठेवली, ओव्हनचे हातमोजे घातले आणि स्वतःच मला बाहेर काढले. जखमेवरची पट्टी काढावी तशा हलक्या हाताने त्यांनी माझे झाकण सोडवले. माझ्या भावाचीही तीच गत झाली. नवी बुबुळे बसली, झाकणे घासून लख्ख झाली आणि आम्ही पुन्हा मोटारीत गेलो.

संध्याकाळी अंगणात मोटार भिंतीसमोर उभी केली. शॉकभाऊने मास्तरांस समजावले, की भिंतीवर उजेडाची वरची कड सरळ रेघेसारखी पडेल आणि एका बाजूस थोडी वर चढेल. तो चढ डाव्या बाजूला पाहिजे. इतक्यात बेकरीत वीज गेल्याचा निरोप आला आणि तो पिशवी उचलून धावला.

मास्तर गळ्यात टेप अडकवून भिंतीसमोर उभे राहिले. आम्ही पेटलो. प्रथम निळसर, मग हळूहळू दुधासारखा शुभ्र प्रकाश पडला. शिवणीसारखी सरळ रेघ, आणि एका बाजूस सुरेख चढ. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. मीही इतका हरखून गेलो, की दुसरे काही मनातच आले नाही.

येथेच चूक झाली, मित्रांनो, आणि ती केवळ शिंप्याच्याच हातून होऊ शकली असती. मास्तरांचे सारे आयुष्य गिऱ्हाइकासमोर उभे राहून माप घेण्यात गेले. समोरच्या माणसाचा डावा खांदा म्हणजे आपल्या उजव्या हाताकडचा, ही गोष्ट त्यांच्या हाडीमांसी भिनलेली. समोर उभ्या असलेल्या भिंतीचेही त्यांनी तसेच माप घेतले. शॉकभाऊने बेकरीतून फोन करून विचारले, "मास्तर, चढ डावीकडंच आहे ना?"

"डावीकडंच. डाव्या खांद्यावर. अगदी बेताचा."

वास्तविक तो चढ मास्तरांच्या उजव्या हाताकडे, म्हणजे मोटारीच्याही उजवीकडे होता. ते प्रोजेक्टर ज्या देशातले, तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. आमच्याकडे ती डावीकडून धावतात. आमचा वर चढलेला उजेड थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरत होता.

ताई मात्र आनंदात होत्या. रस्ता दुधाने धुतल्यासारखा दिसे. समोरून येणारी वाहने आपले दिवे उघडझाप करीत, तेव्हा ताईंना वाटे, लोक ओळख देत आहेत. त्या हात हलवीत. घरी येऊन मास्तरांस सांगत, "अहो, सगळा गाव मला ओळखायला लागलाय." मास्तर मिश्या कुरवाळीत.

एके दिवशी तिन्हीसांजेला टेकडीच्या वळणावर समोरून दूधवाला सायकलवर आला. मी त्याला पाहिले, पण त्याने आम्हास पाहिले नाही. त्याने एक हात डोळ्यांवर धरला, सायकल डगमगली, आणि तो कॅनसकट चरात गेला.

ताई धावल्या. त्याचे कोपर सोलले होते आणि दूध मातीत जिरत होते. आमच्याच उजेडात त्यांनी त्याची जखम धुतली. दूधवाला चिडला नाही. तो एवढेच म्हणाला, "ताई, तुम्ही आहात हे कळलंच नाही. माणूसच दिसेना. नुसता उजेड होता."

त्या सायंकाळी ताईंनी किल्ली खिळ्यास अडकवली आणि मास्तरांस सांगितले, की आता संध्याकाळची गाडी बंद. लेकीला कळवा, गाडी विकू म्हणावं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या आईकडे त्या पायी निघाल्या. चढ उभा, हातात औषधांची पेटी. त्या वळणाआड जाईपर्यंत मास्तर खिडकीतून पाहत होते. सुईत दोरा ओवायचा तो हातातच राहिला.

तदनंतर मास्तर उठले, शॉकभाऊला हाक मारून आणले आणि आमची मोटार गल्लीच्या एका टोकास उभी करून आम्हास पेटवायला सांगितले. स्वतः दुसऱ्या टोकाला गेले आणि रस्त्याने आमच्या दिशेने चालत येऊ लागले. अर्ध्या वाटेत त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि ते तिथेच उभे राहिले.

शॉकभाऊने आम्हास विझवले व तो जवळ गेला. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "मी भिंतीला गिऱ्हाईक समजलो रे. तिचा डावा खांदा धरून बसलो."

 शॉकभाऊ म्हणाला, की माझंही चुकलं, फोनवर माप घेतलं. त्याने पुढे सांगितले, की आमच्या रस्त्याच्या बाजूसाठी घडवलेले दुसरे प्रोजेक्टर मिळतात. ते भिंगाने लहान असतात, उजेड थोडा कमी पडेल. मास्तर म्हणाले, कमी चालेल, पण दुसऱ्याचा डोळा मिटता कामा नये.

अशा रीतीने मी दुसऱ्यांदा ओव्हनमध्ये गेलो. या खेपेस ताईंनी विचारले देखील नाही. केकचा डबा बाहेर काढून त्यांनी मला जागा करून दिली, एवढेच. नवे प्रोजेक्टर बसल्यावर मास्तर भिंतीसमोर उभे राहिले नाहीत. ते ताईंच्या जागी, स्टिअरिंगमागे जाऊन बसले, डाव्या हाताच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, आणि चढ त्या हाताकडे आहे अशी खात्री करून घेतली. भिंतीवर खडूने खूणही केली.

मुलगी गाडी विकण्याचे ठरवायला म्हणून त्याच आठवड्यात आली. तिने बापाचे म्हणणे ऐकून घेतले, पण विश्वास ठेवला नाही. "बाबा, मागच्या वेळीसुद्धा तुम्ही असंच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं," असे ती म्हणाली, आणि ते खरेच होते. मास्तरांनी वाद घातला नाही. तू म्हणशील तसे करू, पण आधी स्वतः पाहा, असे ते म्हणाले.

तिन्हीसांजेला ती टेकडीच्या वळणावर, दूधवाला पडला होता त्याच ठिकाणी जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मास्तर आणि शॉकभाऊ चराजवळ, शाळेत निकाल ऐकण्यास उभे करावे तसे उभे होते. ताई खालून मोटार घेऊन आल्या.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतक्या बेताने कधी पेटलो नसेन. आमचा उजेड तिच्या पावलांवर पडला, तेथून गुडघ्यांपर्यंत चढला, आणि कमरेपाशी सुरीने कापल्यासारखा थांबला. तिने हात डोळ्यांवर नेला नाही. ती सरळ आमच्याकडे, नव्हे, आमच्या वर, मोटारीच्या पुढच्या काचेमागे पाहत होती. मोटार तिच्याशेजारी थांबली. ताईंनी खिडकी खाली केली.

"काय दिसलं?" ताईंनी विचारले.

"तू दिसलीस," मुलगी म्हणाली. "चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय तुझा. वर कर."

मग ती दार उघडून आईशेजारी बसली आणि म्हणाली, "चल, त्या आजी चादर बाजूला करून बसल्या असतील." मास्तरांनी घाम पुसला. शॉकभाऊ त्यांना म्हणाला, की आता तरी तो मनगटाचा दोरा सोडा. पण तो दोरा मास्तरांच्या हातावर पुढे कितीतरी दिवस तसाच होता.

आज मी म्हातारा आहे. माझे झाकण पुन्हा किंचित पिवळसर होऊ लागले आहे, परंतु मास्तर आता मला रोज पुसतात, आणि माझ्या भावासही रेशमी तुकडा मिळतो. आपणांस माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो, की आपल्या घरच्या वाहनांचे दिवे पुसत जा. ते बोलून दाखवीत नाहीत, पण त्यांनाही अंधुक होण्याचे दुःख असते. आणि दिवे कधी बदलाल, तर केवळ भिंतीवरचा उजेड पाहून समाधान मानू नका. एकदा रस्त्यात जाऊन, समोरून येणाऱ्याच्या जागी उभे राहा. तेथून जर आपल्या माणसाचा चेहरा दिसला, तर समजा की दिवा नीट बसला आहे.