दामूचा वरचा षड्ज

ओहोटीनंतर ओल्या वाळूवर संध्याकाळचा उजेड जसा थोडा वेळ साचून राहतो, तसा दामूचा वरचा षड्ज आमच्या तंबूत साचून राहायचा. तो उजेड मी विझवला. यात दुसऱ्या कुणाच्या माथी मारण्यासारखं काही नाही. पेटी माझ्या हाताखाली होती.

किहीमच्या एका आगरी कुटुंबातला हा मुलगा आमच्या संगीत नाटकमंडळीत आला तेव्हा त्याला लुगडं सावरता येत नव्हतं. पण कानावर पडलेली गाण्यातली जागा तो जशीच्या तशी परत करी. मी मंडळीचा पेटीमास्तर, त्याचं गाणं माझ्याकडे. पहाटेच्या गारव्यात खर्ज घोटताना त्याचे डोळे अर्धे मिटत आणि चेहऱ्यावर पिकत्या भातशेताची शांतता उतरे. काही वर्षांत तो नायिका झाला. पेटीवरची काळी चार ही उंच पट्टी त्याची म्हणून ओळखली जाऊ लागली.

मग अलिबागच्या मुक्कामात, ऐन हिवाळ्यात, त्याचा आवाज फुटू लागला. अशा वेळी मुलाला गाण्यापासून दूर ठेवायचं असतं, निदान पट्टी तरी उतरवायची असते. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तंबू रोज भरत होता.

रंगपटात पदर खोचत तो हळूच म्हणाला, "मास्तर, आज काली दोन धरा ना. गला आतून सोलल्यावानी झालाय."

राजाचं काम करणारे बापूराव मिशी चिकटवता चिकटवता म्हणाले, "राणीसाहेबांना मिसरूड फुटतंय, मास्तर. आता आम्ही प्रेम कुणावर करायचं?"

सगळे हसले. मीही हसलो.

"लोक काळी चार ऐकायला आलेत," मी म्हणालो. "ज्येष्ठमध चघळ आणि उभा राहा."

तो उभा राहिला. वर जाताना स्वर चिरला, आणि मी पेटीचा आवाज मोठा करून ती चीर झाकली. रोज झाकत राहिलो. आंब्याचा मोहर गळेपर्यंत त्याच्या गळ्यात नुसता वारा उरला. मंडळीने त्याला घरी पाठवलं. पुढे बोलपट आले आणि मंडळीही मोडली.

परवा आगरदांड्याच्या धक्क्यावर तो दिसला. दिघीच्या मचव्यात उतारू भरत होता. हाक पोचत नाही म्हणून डब्यावर काठी आपटत होता.

"पेटी हाय का अजून?" त्याने विचारलं. वाळकी झावळी ओढत न्यावी तसा आवाज.

"विकली."

"बरा झाला. पोरांना शिकवत न्हाय ना?"

"नाही," मी म्हणालो. "दामू, तू पट्टी उतरवायला सांगत होतास. मला कळत होतं, तरी मी उतरवली नाही. तुझा गळा मी घालवला. मला क्षमा कर."

तो ऐकत होता, मचव्यातले उतारूही ऐकत होते. पण ज्या मुलाची क्षमा मागायची होती त्याला काळ कधीच घेऊन गेला होता, आणि माझे शब्द धक्क्यावरच्या एका थकलेल्या, परक्या माणसापाशी येऊन थांबले.