गळका वारा

ताईला ती गाडी नकोच होती. नवऱ्याने निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली लाल, बसकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार म्हणजे तिच्या लेखी दारात आणून बांधलेला पांढरा हत्ती. त्यात आता हत्तीने मान टाकली होती. चढावर अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, इंजिन नुसतं गुरगुरायचं आणि गाडी रडतखडत चढायची. विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एक फेरी मारून चावी परत देऊन गेलं. एका गॅरेजवाल्याने तर बॉनेट न उघडताच "टर्बो गेला, नवीन टाका" असं सांगून टाकलं. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे शेवटी ताईच गाडी चालवत धाकट्या बहिणीच्या गॅरेजात आली.

या बहिणीला घरात सगळे बारकी म्हणत. बारकी ताईपेक्षा वीतभर उंच होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"एकदाची नीट कर बाई हिला," ताई म्हणाली, "विकून मोकळे होतो."

"आधी नाडी तर बघू दे."

बारकीने गाडीला स्कॅनर जोडला. इंजिनाला हवी तितकी दाबाची हवा पोचत नाही, एवढंच त्यावर दिसलं. मग तिने टर्बोकडे जाणारा जाड पाइप सोडवला आणि ताईला हाक मारली. "इकडे ये. बोट घाल आत. घाबरू नकोस, इंजिन बंद आहे आणि गारही झालंय."

ताईने नाक मुरडत बोट घातलं. आत तळहाताएवढं, पाकळ्यापाकळ्यांचं चाक होतं. तिने जरा ढकललं तर ते आवाज न करता गरगर फिरलं आणि फिरतच राहिलं.

"गाडी जोरात असते तेव्हा हे मिनिटाला लाखभर फेरे घेतं," बारकी म्हणाली. "इंजिनाचा जो धूर बाहेर टाकून द्यायचा, त्याच्याच जोरावर. आणि दुसऱ्या अंगाने बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं."

"लाखभर? काहीतरीच!"

"खरंच. आणि बघ, चाक जराही डगमगत नाही. टर्बो ठणठणीत आहे. म्हणजे हवा तयार होतेय, वाटेत कुठेतरी पळतेय."

पाइपाचं तोंड बंद करून बारकीने धूर सोडायचं यंत्र जोडलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि टॉर्च ताईच्या हातात दिली. "मी दाब देते. कुठे धूर दिसला तर ओरड."

यंत्र घुरघुरू लागलं. ताई बॉनेटखाली वाकून बघत होती. काहीच दिसेना. सगळे जोड, सगळ्या क्लिपा कोरड्या ठाक. बारकीने एकेक पाइप हाताने दाबून पाहिला. तरी काही नाही.

"जरा दाब वाढवते," ती म्हणाली आणि खालच्या रबरी होजला तिने पीळ दिला.

"थांब!" ताई ओरडली. "तशीच धर!"

होजच्या पोटाकडून, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, दोऱ्याएवढी पांढरी रेघ वर आली. टॉर्चच्या झोतात ती वळली, फुलली, विरली, आणि मागून दुसरी आली. ताई श्वास रोखून बघत राहिली. ज्या हवेसाठी घरात महिनाभर धुसफुस चालली होती, ती हवा तिच्या नाकासमोरून संथपणे वर चालली होती.

"अगं, किती सुंदर आहे हे," ती पुटपुटली.

"तेल झिरपून रबर मऊ पडलंय," बारकी म्हणाली. "एरवी चीर मिटलेली असते. दाब आला की ओठ उघडते. म्हणून कुणाला सापडली नाही."

नवी होज बसायला फार वेळ लागला नाही. त्यानंतर बारकी शेजारी बसली आणि ताईने गाडी गावाबाहेरच्या चढावर घेतली. रस्ता मोकळा होता.

"आता दाब."

ताईने पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग समोरून एक बारीक शीळ चढत गेली आणि कुणीतरी पाठीला तळवा लावून ढकलावं तशी गाडी वर निघाली. झाडं मागे पडू लागली. ताईच्या तोंडातून "अगं आई गं!" निघालं. माथ्यावर पोचताच तिने गाडी कडेला उभी केली.

"हे सगळं हवेने?" तिने विचारलं.

"नुसत्या हवेने."

ताईने बॉनेटकडे पाहिलं, मग बहिणीकडे. इतकी वर्षं गॅरेजात राबणाऱ्या या बहिणीला तिने कधी विचारलंच नव्हतं, तू रोज काय बघतेस म्हणून. आज तिने विचारलं, आणि बारकी तिथेच, रस्त्याच्या कडेला, सांगत बसली.

संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. नवऱ्याने पडल्या जागेवरून विचारलं, "काय सांगू त्याला? झाली का नीट?"

"झाली," ताई म्हणाली. "आणि त्याला सांगा, दुसरी बघ."